वाचकांचे प्रश्न : तार दारावरून गेली, घरात कधी येणार?

शहरी वस्त्यांमध्ये परवडणारे इंटरनेट कसे पोहोचवावे, या विषयावर आलेल्या पत्रांपैकी आठ पत्रे या वेळी उत्तरांसाठी निवडली आहेत. काही पत्रे लांबलचक होती; प्रश्नाचा गाभा तसाच ठेवून ती येथे थोडक्यात दिली आहेत. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या २०२४ च्या अंदाजानुसार जगातील शहरी लोकसंख्येपैकी ८३ टक्के लोक इंटरनेट वापरतात, तर ग्रामीण भागात हे प्रमाण ४८ टक्के आहे. हे आकडे वाचून शहरांचा प्रश्न सुटल्यातच जमा आहे असे एखाद्याला वाटेल. पण शहरातील उरलेले १७ टक्के लोक काही तारेपासून दूर डोंगरात राहत नाहीत. पुष्कळदा तार त्यांच्या दारावरून पुढे गेलेली असते, आणि म्हणूनच त्यांचा प्रश्न वेगळ्या पद्धतीने सोडवावा लागतो.

प्रश्न : आमच्या वस्तीत सुमारे चारशे घरे आहेत. मिळालेल्या निधीतून चौकाचौकात मोफत वाय-फायचे खांब बसवावेत, असा प्रस्ताव समितीपुढे आला आहे. घरोघरी जोडणी देण्यापेक्षा हे स्वस्त पडेल, असे सांगितले जाते. आपले मत काय?
– वस्ती समितीचे सदस्य

उत्तर : खांब सगळ्यांना दिसतो, त्याचे उद्घाटन करता येते आणि छायाचित्रही चांगले येते, म्हणून हा प्रस्ताव नेहमी सर्वांत आधी पुढे येतो. अडचण अशी आहे की, खांबावरच्या यंत्राचा आवाज, म्हणजे सिग्नल, फोनपर्यंत पोहोचला तरी फोनचा आवाज उलट खांबापर्यंत पोहोचावा लागतो, आणि फोनच्या अंगात तेवढी ताकद नसते. मधे दोन भिंती आल्या की संभाषण तुटते. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराने २००४ साली १३५ चौरस मैलांच्या आपल्या हद्दीवर वाय-फायचे छत्र धरण्याची योजना जाहीर केली होती. रस्त्यावरच्या खांबांवर यंत्रे बसली, पण घरांच्या आत सिग्नल नीट पोहोचेना, ग्राहकही अपेक्षेइतके मिळेनात, आणि काम घेतलेली अर्थलिंक ही कंपनी २००८ मध्ये त्यातून बाहेर पडली.

न्यूयॉर्कचा अनुभव अधिक बोलका आहे. तेथे २०१६ साली जुने सार्वजनिक दूरध्वनी काढून त्यांच्या जागी लिंक-एनवायसी नावाचे वाय-फाय खांब उभारण्यास सुरुवात झाली. प्रत्येक खांबात इंटरनेट पाहण्यासाठी एक टॅब्लेटही होता. लोक तासन्‌तास त्यापुढे बसून राहतात, अशा तक्रारी आल्या आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्या टॅब्लेटवरील ब्राउझर बंद करण्यात आला. मला त्या तक्रारींत एक वेगळी गोष्ट दिसते : उघड्या रस्त्यावर, गाड्यांच्या आवाजात, उभ्याने किंवा फुटपाथवर बसून इंटरनेट वापरण्याची ज्यांना गरज होती अशी ती माणसे होती. वाय-फाय चालते ते माणूस जेथे थांबतो तेथे. भारतात रेलटेल आणि गूगल यांनी जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलपासून रेल्वे स्थानकांवर मोफत वाय-फाय सुरू केले, ते २०१८ च्या मध्यापर्यंत ४०० स्थानकांवर पोहोचले आणि लोकांनी ते भरपूर वापरले, कारण गाडीची वाट पाहणारा माणूस एका जागी असतो. अर्थात मोबाइल डेटा स्वस्त झाल्याचे कारण देऊन गूगलने २०२० मध्ये त्यातून अंग काढून घेतले, हाही त्याच गोष्टीचा उत्तरार्ध आहे.

घरोघरी जोडणी महाग पडते, हा समजही एकदा कागदावर मांडून पाहावा. फायबरच्या, म्हणजे प्रकाशावर चालणाऱ्या काचेच्या धाग्याच्या, जीपॉन नावाच्या प्रचलित पद्धतीत केंद्रातील यंत्राच्या एकाच पोर्टमधून (जोडणीच्या खाचेतून) निघालेला धागा वाटेत विभागून ३२ किंवा ६४ घरांना देता येतो. आपल्या चारशे घरांना असे सात पोर्ट पुरतात. एका पोर्टची क्षमता घराकडे येणाऱ्या दिशेने सेकंदाला सुमारे २.४ गिगाबिट, म्हणजे २,४०० मेगाबिट, असते. ६४ घरे एकाच क्षणी पूर्ण वेगाने वापरू लागली, जे सहसा घडत नाही, तरी प्रत्येकाच्या वाट्याला ३८ मेगाबिटच्या आसपास वेग येतो. माझा सल्ला असा की खांबांचा विचार सोडून वाचनालय, अभ्यासिका आणि दवाखान्याची प्रतीक्षा-खोली अशा तीन-चार बसण्याच्या जागी उत्तम वाय-फाय द्यावे आणि उरलेला निधी घरांच्या उंबरठ्यापर्यंतच्या फायबरसाठी राखावा.

प्रश्न : आमच्या भागात कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी सवलतीची इंटरनेट योजना आहे. पात्र कुटुंबे शेकड्यांनी आहेत, प्रत्यक्षात घेणारी बोटांवर मोजण्याइतकी. कंपनीचे प्रतिनिधी म्हणतात, ‘मागणीच नाही.’ हे खरे असेल का?
– सामाजिक कार्यकर्ती

उत्तर : ‘मागणी नाही’ हे वाक्य मी ज्या ज्या वेळी ऐकले, त्या त्या वेळी सांगणाऱ्याने योजनेचा अर्ज स्वतः कधी भरून पाहिलेला नव्हता. ब्रिटनमधील दूरसंचार नियामक ऑफकॉमने २०२२ च्या सुरुवातीला दाखवून दिले की, सवलतीच्या सामाजिक दरांना सुमारे ४२ लाख कुटुंबे पात्र असताना केवळ ५५ हजार कुटुंबे त्यांचा लाभ घेत होती, म्हणजे शंभरात जेमतेम एक. सरकारी साहाय्य मिळणाऱ्या बहुसंख्य कुटुंबांना अशी सवलत अस्तित्वात आहे, हेच ठाऊक नव्हते. जी वस्तू आहे हेच माहीत नाही, तिची मागणी कोण करणार?

माहिती पोहोचली तरी वाटेत पायऱ्या असतात आणि प्रत्येक पायरीवर काही माणसे गळतात. पहिली पायरी पुराव्यांची. भाड्याने राहणाऱ्याकडे स्वतःच्या नावाचे पत्त्याचे कागद नसतात. दुसरी अनामत रकमेची, जी महिन्याच्या शुल्काहून मोठी असू शकते. तिसरी जुन्या थकबाकीची : पाच वर्षांपूर्वी कुणीतरी त्याच पत्त्यावर बिल बुडवलेले असते आणि नव्या भाडेकरूला त्याची शिक्षा मिळते. चौथी पायरी सर्वांत अवघड आहे आणि ती कोणत्याही पत्रकात छापलेली नसते. ज्या घरात मिळकत रोजची किंवा आठवड्याची असते, त्या घराला महिन्यातून एकदा येणारे, ठरलेल्या तारखेला खात्यातून आपोआप वळते होणारे बिल धोक्याचे वाटते. खात्यात त्या दिवशी पैसे नसले तर बँकेचा दंड वेगळा आणि कंपनीचा वेगळा. हीच कुटुंबे फोनचा रिचार्ज नियमित करतात, कारण तेथे पैसे आधी जातात आणि संपले की सेवा थांबते. उधारी अंगावर राहत नाही. म्हणून कंपनीशी बोलताना दर कमी करण्याच्या मागणीआधी, आठवड्याचे आगाऊ शुल्क भरण्याची सोय मागावी. दरात थोडीही सूट न देता केवळ एवढ्याने नोंदणी वाढू शकते.

आणखी एक गोष्ट म्हणजे सवलत कधी संपेल याची भीती. अमेरिकेत २०२१ च्या अखेरीस अफोर्डेबल कनेक्टिव्हिटी प्रोग्रॅम ही योजना सुरू झाली. तीत पात्र कुटुंबाच्या इंटरनेट बिलातून दरमहा ३० डॉलरपर्यंत रक्कम वजा होत असे, आणि सुमारे २ कोटी ३० लाख कुटुंबे तीत सामील झाली. निधी संपत आल्यामुळे फेब्रुवारी २०२४ मध्ये नवी नोंदणी थांबली आणि १ जून २०२४ रोजी योजना बंद पडली. ज्या कुटुंबाने एकदा असा अनुभव घेतला, ते पुढच्या वेळी ‘बारा महिन्यांनंतर काय?’ हा प्रश्न आधी विचारील. तो प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर अर्जाच्या पहिल्याच पानावर, ठळक अक्षरांत असले पाहिजे.

टेनेसी राज्यातील चॅटनुगा शहरात जुलै २०२० मध्ये जे घडले, ते मला अधिक शहाणपणाचे वाटते. तेथील सार्वजनिक वीज मंडळाने २०१० पर्यंत आपल्या वीजजाळ्याबरोबर फायबर टाकून घेतले होते. महासाथीत शाळा बंद झाल्यावर मंडळ आणि शाळा यांनी मिळून गरीब कुटुंबांतील सुमारे २८ हजार विद्यार्थ्यांना १०० मेगाबिटची मोफत जोडणी देऊ केली. पात्रता ठरवण्यासाठी नवा खटाटोप केला नाही. शाळेत मोफत किंवा सवलतीचे जेवण कोणाला मिळते, याची यादी शाळांकडे होतीच. शिवाय ही सोय दहा वर्षे चालेल, असे आरंभीच सांगण्यात आले. आपल्या भागातही कोणती ना कोणती तपासलेली यादी आधीच अस्तित्वात असेल. तीच ग्राह्य धरण्याचा आग्रह आपण धरावा.

हे सर्व करण्यापूर्वी एक दुपार काढा. एका पात्र कुटुंबाशेजारी बसून, त्यांच्याच फोनवर, त्यांचा अर्ज पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत भरा आणि जेथे जेथे गाडी अडेल तेथे वेळ लिहून ठेवा. अशा दहा अर्जांची नोंद कंपनीपुढे ठेवली की ‘मागणी नाही’ हे वाक्य पुन्हा ऐकू येण्याची शक्यता कमी आहे.

प्रश्न : माझ्या वर्गातील जवळजवळ प्रत्येक विद्यार्थ्याच्या घरी स्मार्टफोन आहे. मग घरगुती जोडणीचा एवढा आग्रह कशासाठी?
– शिक्षक

उत्तर : आधी हिशेब करू. एक मेगाबिट वेगाची चित्रफीत तासभर चालली की ४५० मेगाबाइट डेटा खर्च होतो. मूल रोज चार तास अशा वर्गाला बसले आणि महिन्यात बावीस दिवस शाळा भरली, तर जवळजवळ ४० गिगाबाइट लागतात. घरात दोन मुले असतील तर ८०. शिवाय फोन ‘घरी’ असतो म्हणजे नेमका कोणाकडे असतो? तो आईच्या किंवा वडिलांच्या खिशात कामावर जातो आणि रात्री परत येतो. आपल्या वर्गात ‘घरी फोन आहे का?’ असे न विचारता ‘दुपारी चार वाजता फोन कोणाच्या हातात असतो?’ असे विचारून पाहावे. हात वर करणाऱ्यांची संख्या निश्चित घटेल.

दुसरा मुद्दा फोनवर काय होऊ शकते, याचा. वाचणे, पाहणे, बोलणे यांसाठी फोन उत्तम आहे. पण शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना काय होते ते पाहा. प्रमाणपत्राचे छायाचित्र काढले तर ते चार मेगाबाइटचे होते. संकेतस्थळ दोनशे किलोबाइटहून मोठी फाइल घेत नाही. ती लहान करण्यासाठी दुसरे अॅप उघडावे लागते. परत येईतो अर्जाचे पान नव्याने सुरू झालेले असते. पुन्हा भरले, तर ओटीपी येतो. तो पाहण्यासाठी संदेशांकडे जावे आणि परत यावे, तोवर ‘आपले सत्र समाप्त झाले आहे’ अशी पाटी. संगणकावर वीस मिनिटांचे काम फोनवर संध्याकाळ खाते, आणि मुलाचा समज असा होतो की आपल्यालाच जमत नाही. निबंध लिहिणे, तक्ता करणे, आज्ञावली शिकणे ही कामेही अंगठ्याने होत नाहीत. फोन ही सुरुवात आहे हे मला मान्य आहे. ती पुरेशी आहे हे मान्य नाही.

प्रश्न : आमच्या इमारतीत एकाच कंपनीची जोडणी मिळते, कारण मालक दुसऱ्या कोणाला तार आत आणू देत नाहीत. भाडेकरूंनी काय करावे?
– भाडेकरू

उत्तर : स्थानिक नियम काय म्हणतो हे आधी पाहावे लागेल, अनेक देशांत मालकाला अशी मक्तेदारी देता येत नाही. दीर्घकालीन उपाय मात्र जाळ्याची मालकी आणि सेवा यांची फारकत करण्यात आहे. स्टॉकहोम शहराने १९९४ मध्ये स्टोकॅब ही स्वतःची कंपनी स्थापन केली. ती शहरात फायबर टाकते आणि ते नुसते, म्हणजे त्यावर सेवा न देता, सर्व कंपन्यांना समान अटींवर भाड्याने देते. रस्ता एकदाच खणला जातो आणि स्पर्धा तारेऐवजी सेवेत होते. आपल्या इमारतीपुरते सांगायचे तर पुढच्या दुरुस्तीच्या वेळी जिन्याच्या कडेने एक रिकामी नळी टाकून घेण्याचा ठराव करून घ्यावा. भिंत फोडावी लागणार नाही असे कळले की मालकांचा विरोध पुष्कळदा मावळतो.

प्रश्न : आम्ही काही निवृत्त अभियंते मिळून छपरांवर अँटेना बसवून वस्तीचे स्वतःचे जाळे उभारू इच्छितो. एक मोठी जोडणी घ्यावी आणि ती सर्वांनी वाटून घ्यावी, अशी कल्पना आहे. असे प्रयोग टिकतात का? कायद्याची अडचण येईल का?
– निवृत्त अभियंता

उत्तर : टिकतात, पण ज्या कारणांनी ते कोसळतील असे अभियंत्यांना वाटते, त्या कारणांनी ते सहसा कोसळत नाहीत. स्पेनमधील कॅटलोनियात, ओसोना भागात, कंपन्या ब्रॉडबँड देईनात म्हणून २००४ साली रहिवाशांनी घरांच्या छपरांवरून बिनतारी दुवे जोडण्यास सुरुवात केली. त्यातून उभ्या राहिलेल्या गिफी-नेट या जाळ्यात पुढे ३० हजारांहून अधिक जोडबिंदू झाले आणि आता त्यात फायबरही आहे. त्यांचे यश अँटेनांत शोधू नये. ते नियमांत आहे. जो जोडला जाईल त्याने आपल्यातून इतरांची वाहतूक जाऊ द्यायची, आणि जो या जाळ्यावर व्यवसाय करील त्याने देखभालीच्या खर्चात आपल्या वापराच्या प्रमाणात वाटा उचलायचा, हे तेथे लेखी ठरलेले आहे. न्यूयॉर्कमध्ये स्वयंसेवकांचे एनवायसी मेश हे जाळे याच धर्तीवर चालते. उंच इमारतीच्या छतावरून समोरचे छत डोळ्यांना दिसले पाहिजे, एवढी त्याची तांत्रिक अट. आणि त्या छताची किल्ली मिळाली पाहिजे, ही खरी अट.

किल्लीचा उल्लेख मी गमतीने करत नाही. एका वस्तीतील अशाच जाळ्याशी माझा काही काळ संबंध होता. पावसाळ्याच्या तोंडावर मुख्य छतावरचे यंत्र बंद पडले. बदली यंत्र आमच्या कपाटात होते, बसवणारा मुलगा हजर होता, काम अर्ध्या तासाचे होते. पण गच्चीची किल्ली ज्यांच्याकडे होती ते गावाला गेलेले होते आणि दुसरी किल्ली कोणाकडे आहे हे कोणालाच माहीत नव्हते. साठ घरे अकरा दिवस बंद राहिली. त्यांतील निम्म्या घरांनी त्यानंतर वर्गणी दिली नाही आणि त्यांना दोष देण्याचा अधिकार आम्हाला नव्हता. तेव्हापासून कोणत्याही जाळ्याचा आराखडा पाहताना मी किल्ल्यांची यादी आधी मागते.

म्हणून आपल्या गटात अभियंत्यांइतकीच, किंबहुना त्यांच्याहून अधिक, वस्तीतील तरुण मुले-मुली हवीत आणि त्यांना मानधन हवे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन विभागातील रेड हूक वस्तीत असे एक छोटे जाळे होते. ऑक्टोबर २०१२ मध्ये सँडी वादळाने वीज आणि फोनसेवा कोलमडल्यावर तेच लोकांना संपर्कासाठी उपयोगी पडले आणि नंतर वाढवण्यात आले. ते चालवण्यासाठी वस्तीतील तरुणांनाच प्रशिक्षण देऊन ‘डिजिटल स्टुअर्ड’, म्हणजे जाळ्याचे राखणदार, नेमण्यात आले. डेट्रॉइटमध्येही हीच पद्धत रुजली. बाहेरचा तंत्रज्ञ तक्रार आल्यावर येतो. स्टुअर्ड त्याच जिन्यावरून रोज चढतो-उतरतो, त्यामुळे तक्रार लिहून देण्याआधीच त्याला कळलेली असते.

कायद्याबाबत दोन गोष्टी आजच तपासा. पहिली म्हणजे आपण जी मोठी जोडणी घेणार, तिच्या करारात पुनर्वितरणाला परवानगी आहे का. घरगुती जोडण्यांच्या करारांत ती बहुधा नसते आणि कंपनी कोणत्याही दिवशी सेवा तोडू शकते. व्यावसायिक किंवा घाऊक जोडणी महाग असली तरी तीच घ्यावी. दुसरी, जाळ्यावरून कोणी गैरकृत्य केले तर जबाबदारी कोणाची. जर्मनीत फ्रायफुंक नावाची मोकळ्या वाय-फायची चळवळ या शतकाच्या आरंभापासून चालू आहे. तेथे परक्याने केलेल्या कृत्यासाठी जोडणीधारकालाच नोटीस येण्याची टांगती तलवार अनेक वर्षे होती. २०१७ मधील कायद्यातील दुरुस्तीने ती बरीचशी दूर झाली. आपल्याकडे नियम काय आहे, वापरकर्त्याची ओळख नोंदवावी लागते का आणि ती नोंद किती काळ ठेवावी लागते, हे एखाद्या वकिलाकडून लेखी घ्यावे. तोंडी ‘काही होत नाही’ यावर पहिले यंत्रसुद्धा बसवू नये.

प्रश्न : वाचनालयात आम्ही ज्येष्ठांसाठी आणि गृहिणींसाठी मोफत संगणक वर्ग घेतो. पहिल्या दिवशी तीस जण येतात, तिसऱ्या आठवड्यात सहा उरतात. शिकवणाऱ्यांत काही उणीव असेल का?
– ग्रंथपाल

उत्तर : शिकवणाऱ्यांपेक्षा अभ्यासक्रमाकडे पाहावे, असे मी सुचवीन. बहुतेक वर्गांत पहिल्या दिवशी ‘संगणकाचे भाग’ असतात. येणारी व्यक्ती भाग शिकायला आलेली नसते. तिला निवृत्तिवेतनाचा कागद पाठवायचा असतो, नातवाशी बोलायचे असते, किंवा दवाखान्याची वेळ ठरवायची असते. ते काम पहिल्याच दिवशी, अडखळत का होईना, पूर्ण झाले तर ती दुसऱ्या दिवशी येते.

एक प्रसंग सांगते. एका वर्गात एक बाई पडद्यावर बोट टेकवत होत्या आणि काहीच होत नव्हते. शिकवणारा तरुण तेच तेच पुन्हा सांगत होता, आवाज थोडा चढलेला. बाईंनी हात मागे घेतला आणि म्हणाल्या, ‘माझं डोकंच चालत नाही.’ शेजारच्या खुर्चीवरून मी त्यांचा हात पाहिला. वर्षानुवर्षे साबणाच्या पाण्यात काम केल्याने बोटांची टोके कोरडी, जाड झालेली होती. फोनचा पडदा बोटाच्या विद्युतस्पर्शावर चालतो. कोरड्या, राठ कातडीला तो दाद देत नाही. बोट किंचित ओले केल्यावर पडदा पहिल्या स्पर्शात उघडला. त्या तरुणाचा चेहरा त्या वेळी पाहण्यासारखा झाला होता. त्यानंतर त्याने प्रत्येक टेबलावर स्वस्तातली रबरी टोकाची लेखणी ठेवायला सुरुवात केली.

मोठ्या प्रमाणावर हे काम होऊ शकते, याचे उदाहरण एस्टोनियाचे आहे. तेथे २००१ मध्ये बँका आणि दूरसंचार कंपन्यांनी पैसा घालून ‘वाटा मायल्मा’, म्हणजे ‘जगाकडे पाहा’, हा उपक्रम सुरू केला आणि काही वर्षांतच सुमारे १ लाख प्रौढांना इंटरनेटचे प्राथमिक शिक्षण दिले. देशाची लोकसंख्या तेव्हा १४ लाखांच्या आत होती, हे लक्षात घेतले म्हणजे त्या कामाचा आवाका कळतो. बँकांनी पैसा का घातला? माणसे घरून व्यवहार करू लागली की खिडकीवरचा खर्च वाचतो, हा त्यांचा सरळ हिशेब होता, आणि मला त्यात काही गैर वाटत नाही. आपणही ज्या कार्यालयांचे काम या वर्गांमुळे हलके होते, त्यांच्याकडे खर्चाचा वाटा मागावा.

वर्गाखेरीज आठवड्यातून दोन संध्याकाळी एक माणूस नुसता बसवावा. शिकवायचे नाही, समोर येईल त्याच्या फोनवर त्याचेच काम त्याच्याकडून करून घ्यायचे. फोन आपल्या हातात घ्यायचा नाही, हा एकच नियम. पासवर्ड वहीत लिहून ठेवणाऱ्या ज्येष्ठांना हसायचे नाही. वही घरात कुलपात असेल तर तो मार्ग वाईट नाही.

प्रश्न : एखादी कंपनी काही ठरावीक संकेतस्थळे पूर्ण मोफत देत असेल, तर गरिबांसाठी ते काहीच नसण्यापेक्षा बरे नव्हे काय?
– महाविद्यालयीन विद्यार्थी

उत्तर : नव्हे. कोणती संकेतस्थळे उघडतील हे पैसे देणारा ठरवू लागला की जे मिळते त्याला इंटरनेट म्हणता येत नाही, आणि गरिबांसाठी वेगळे, तोकडे जाळे तयार होते. भारतात दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ८ फेब्रुवारी २०१६ रोजी मजकुरानुसार वेगळे दर लावण्यास बंदी घातली आणि फेसबुकची ‘फ्री बेसिक्स’ ही योजना त्यामुळे तेथे थांबली. मोफत द्यायचेच असेल तर महिन्याला ठरावीक डेटा मोफत द्यावा. तो कशासाठी वापरायचा ते घेणारा ठरवील.

प्रश्न : शहराच्या डिजिटल समावेशनाच्या कार्यक्रमावर देखरेख ठेवणाऱ्या समितीवर माझी नेमणूक झाली आहे. दर तिमाहीस ‘इतक्या जोडण्या दिल्या’ असा अहवाल येतो. आणखी काय विचारावे?
– समिती सदस्य

उत्तर : दिलेल्या जोडण्यांची संख्या ही ठेकेदाराच्या कामाची मोजणी आहे, लोकांच्या उपयोगाची नव्हे. जी जोडणी बाराव्या महिन्यात चालू आहे तीच मोजावी. बंद पडलेल्या प्रत्येक जोडणीचे कारण नोंदवून मागावे : बिल थकले, यंत्र बिघडले, घर बदलले, की उपयोगच वाटला नाही. या चार कारणांवर चार निराळे उपाय आहेत आणि अहवालात ते सर्व ‘गळती’ या एका शब्दाखाली लपतात.

दराविषयी तुलनेसाठी एक मोजपट्टी उपलब्ध आहे. संयुक्त राष्ट्रांच्या ब्रॉडबँड आयोगाने २०१८ मध्ये असे उद्दिष्ट ठेवले की, प्राथमिक ब्रॉडबँड सेवेचा खर्च दरडोई मासिक राष्ट्रीय उत्पन्नाच्या २ टक्क्यांपेक्षा कमी असावा. ही सरासरी देशाची आहे, हे मात्र विसरू नये. ज्या कुटुंबाचे उत्पन्न सरासरीच्या एक चतुर्थांश आहे, त्याच्या बाबतीत तेच २ टक्के ८ टक्के होतात. तेव्हा आपल्या समितीने हे प्रमाण शहराच्या सरासरीऐवजी कार्यक्रमातील सर्वांत गरीब शंभर कुटुंबांच्या मिळकतीवर काढून मागावे.

आणि वेग मोजायचा झाल्यास तो कंपनीच्या केंद्रात किंवा भर दुपारी मोजू नये. रात्री नऊ वाजता, घराच्या सर्वांत आतल्या खोलीत, त्या घरातील सर्वांत जुन्या फोनवर मोजावा. पुष्कळदा असे आढळेल की तारेत दोष नाही. शेजारच्या वीस राउटरांनी, म्हणजे घरात वाय-फाय पुरवणाऱ्या यंत्रांनी, वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ या लहरींच्या पट्ट्यातील तीच एक वाहिनी अडवून ठेवलेली आहे. त्या पट्ट्यात एकमेकींवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच आहेत : १, ६ आणि ११. जोडणी बसवणाऱ्याने वाहिनी तपासून लावली आणि राउटर कपाटातून काढून उंचावर ठेवला, तर निम्म्या तक्रारी त्याच दिवशी मिटतात. ठेक्याच्या अटींत ही दहा मिनिटे लिहिलेली आहेत का, ते पुढच्या बैठकीत अवश्य पाहावे.